भिकाजीनं वाळूत घातलेली इर्जिक

सकाळी मी अंगणात दाढी करत बसलो होतो. अर्ध्या तोंडाला फेस होता. तेवढ्यात भिकाजीचा पुतण्या मोटारसायकलवरून आला, गाडी बंद न करताच उभा राहिला आणि म्हणाला, "आबा, काका गेलं. पहाटं." मी म्हटलं, "कुठं गेला?" ... भिकाजी कुणाला न सांगता कुठंतरी निघून गेला असंच माझ्या मनात आलं. एके काळी त्याची तशी खोडच होती. पोरगं नुसतं माझ्याकडं बघत राहिलं, तेव्हा मला उमगलं. खरं सांगतो, दुःख नंतर झालं. आधी भ्या वाटलं. वस्तरा तिथंच टाकला. तसाच घरात गेलो आणि दाराला कडी घातली, जणू तो पोरगा आणखी कुणाचं नाव सांगायला थांबलाय.

मी चौथीपर्यंत शिकलो. पेपरच्या पुरवणीवाल्यांनी आखातात राहून आलेल्यांच्या आठवणी मागितल्या तेव्हा माझा मुलगा म्हणाला, "तुम्ही सांगा, मी नीट लिहून देतो." मी म्हटलं, भिकाजी माझा दोस्त, मीच लिहिणार. चुका असतील त्या छापणाऱ्यांनी सुधाराव्यात. गोष्ट सुधारू नये.

भिकाजी शेलार आमच्या नदीपलीकडच्या वाडीतला. कोयनेच्या खोऱ्यात आमची दोन्ही गावं समोरासमोर. मी इकडून हाक मारली की तिकडून तो ओ द्यायचा, इतकं जवळ. पण माणूस भित्रा. त्याच्याइतका भित्रा माणूस मी आयुष्यात पाहिला नाही आणि हे मी त्याच्या तोंडावर त्याला शंभरदा सांगितलंय. विहिरीत वाकून बघायचा नाही. म्हैस व्याली की घरात जाऊन बसायचा. तरुणपणी मुंबईला गोदीत लागला, महिन्याभरात परत. मग सुरतेला गेला, तिथं मुकादम ओरडला म्हणून परत. वाडीनं त्याचं नाव 'परत्या' ठेवलं. लग्नाच्या वरातीत पोरं त्या नावानं ओरडली. तो मान खाली घालून चालला, नवरी मात्र मागं वळून त्या पोरांकडं असं बघत होती की ती गप झाली. ती पारूवहिनी. नव्वदनंतर दोनचार वर्षांत मी दुबईला निघालो तेव्हा भिकाजीही निघाला. एजंटानं त्याला शेताचा व्हिसा दिला होता. निघताना मला म्हणाला, "आंदाराव, आता तिसऱ्यांदा परत आलो तर पारू मला घरात घेईल, पण मीच जाणार न्हाय. नदीच्या अलीकडंच ऱ्हाईन." माझं नाव आनंदराव. हा माझ्या ताठ्याला चिडवायला आंदाराव म्हणायचा.

मी इमारतीवर फळ्या ठोकायच्या कामाला होतो, राहायला अल क्वोजच्या कॅम्पात, एका खोलीत आम्ही बारा माणसं. भिकाजी मात्र शारजाच्या आतल्या अंगाला, डोंगराखाली, एका अरबाच्या मजऱ्यावर. मजरा म्हणजे शेत, आणि मालकाला तिथं सगळे अरबाब म्हणायचे. खजुराची झाडं, शेळ्या, चार उंट, एक मोटार बसवलेली विहीर आणि पत्र्याची खोली. पहिल्यांदा त्याला भेटायला गेलो तेव्हा तो खोलीच्या छपरावर बसला होता. खाली उंट सुटले होते. "किती येळ झाला वर?" मी विचारलं. "सकाळपास्नं," म्हणाला. "त्ये माझ्याकडं बघत्यात रं, मान्सासारखं." मी हसलो. पण त्या रात्री तिथं झोपलो, चारी बाजूंना काळं रान, लांब कुठंतरी कुत्री, आणि विहिरीची मोटार बंद झाली की असा काही सन्नाटा की कानात आपलंच रक्त वाजायचं... मी त्याला बोललो नाही, पण मला झोप लागली नाही. इथं हा रोज झोपतो, हे मला पटेना.

मागं दोनेक वर्षांपूर्वी आमच्या गावात एक शिकलेली बाई आली होती, जुन्या बियाण्यांचं काही बघायला. ती सांगत होती, अमेरिकेच्या खालच्या अंगाला माया नावाचे लोक आहेत, त्यांच्या गावात ती काही महिने राहून आली. तिथं म्हणे सगळं गाव टोकदार काठ्या घेऊन एकाच्या रानात उतरतं, रांगेनं भोकं पाडून मका लावतं आणि मग त्याच्याच घरी जेवतं. पैसे कुणी घेत नाही. तीही त्यांच्यात जाऊन राबली होती. तिला वाटलं, आम्ही नवल करू. भिकाजी पारावर बसून ऐकत होता. तो म्हणाला, "बाई, त्यास्नी पोलिसांनी धरलं का कदी?" बाई हसली. सगळे हसले. आम्ही दोघं हसलो नाही. का, ते आता सांगतो.

आमच्याकडं त्याला इर्जिक म्हणतात. एखाद्याचं काम अडलं, एकट्याच्यानं होईना, की तो इर्जिक घालतो. सांगावा आला की नाही म्हणायचं नसतं. मजुरी विचारायची नसते. एका दिवसात काम उरकायचं, आणि मालकानं जेवण घालायचं ते मटणाचं, डाळीवर भागवायचं नाही. दुबईत तिसरं वर्ष असेल. थंडी अजून पडली नव्हती. एका बुधवारी भाजीची पिकअप चालवणारा पठाण कॅम्पाच्या फाटकाशी आला आणि माझं नाव घेऊन म्हणाला, "तुम्हारा मजरावाला दोस्त बोला है, जुम्मे को इर्जिक है। ये इर्जिक क्या चीज है भाई, शादी है क्या?" मी हातातला डबा खाली ठेवला. अल क्वोजच्या त्या धुळीत, लोखंडाच्या गोदामांच्या मध्ये, हा शब्द ऐकून माझ्या अंगावर काटा आला.

झालं होतं असं. भिकाजीचा जोडीदार बंगाली काम सोडून पळून गेला होता. अरबाबनं खजुरांच्या पलीकडं नवं रान काढलं होतं, शेळ्यांच्या चाऱ्याला त्यात मका लावायची होती. भिकाजी ते रान गुरुवारी रात्री भिजवणार होता. वाळूचं रान ते, भिजवलं की वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, एक दिवस टिकतो, उन्हानं दुसऱ्या दिवशी परत कोरडं. विहिरीचं गोडं पाणी तळाला गेलेलं, दुसऱ्यांदा भिजवायची सोय नाही. अरबाबनं सांगितलं होतं, शनिवारी येऊन बघतो, मका लागलेली नसली तर खलास, तिकीट काढतो. एकट्या माणसाच्या आवाक्यातलं रान नव्हतं ते. म्हणजे भिकाजी तिसऱ्यांदा परत जाणार हे ठरल्यातच जमा होतं.

आता यात धोका काय, ते तिकडं न राहिलेल्यांना कळायचं नाही. आमच्या खिशात कंपनीचं कार्ड असायचं, बताका म्हणायचे त्याला. ज्याचा बताका त्याचंच काम करायचं. दुसऱ्याच्या जागेवर काम करताना सापडलात तर जेल, आणि जेलमधून थेट विमान. त्या वर्षी धरपकड जोरात होती. आमच्या शेजारच्या खोलीतले दोघं शुक्रवारी कुठं रंगकामाला गेले ते परत आलेच नाहीत, त्यांच्या चपला महिनाभर दाराबाहेर होत्या. मी खोलीत इर्जिकीचं सांगितलं तेव्हा सगळे त्या चपलांकडं बघायला लागले. चिपळूणचा सुभाष होता, जिभेचा तिखट. तो म्हणाला, "पैसे घेऊन पकडलं तर समजू शकतो हो. फुकट राबून जेलात जायचं म्हणजे अगदीच येडेपणा." मी म्हटलं, "तू कोकणातला. तुला इर्जिक काय कळणार? तू नको येऊ." तो चिडला. "येत नाही कोण म्हणाला? मसाला कोण करणार तुमच्या मटणाला? घाटी माणसं, नुसतं तिखट घालता."

शुक्रवारी पहाटे आम्ही सातआठ जण पठाणाच्या पिकअपमध्ये मागं बसलो, वरून ताडपत्री. नाक्यावर गाडी हळू झाली की सगळ्यांचे श्वास बंद. ताडपत्रीला एक भोक होतं, त्यातून मी बघत होतो. रस्ता, वाळू, रस्ता, मग डोंगर. मी बत्तिसाव्या मजल्यावर एका फळीवरून चाललोय, पण त्या गाडीत भोकाला लावलेला डोळा मला काढवेना.

मजऱ्यावर भिकाजी फाटकातच उभा. डोळे लाल, दाढी वाढलेली. मला बाजूला घेतलं. "आंदाराव, बकरं कापायचं हाय. पठानाला सांग, हलाल कापंल."

"बकरं कुणाचं?"

"हितं कुणाचं असनार?"

"अरबाबला इचारलंस?"

"इचारलं असतं तर न्हाय म्हनला असता." असं म्हणत त्यानं करडाचं दावं सोडलं. "मग डाळभातावर इर्जिक घालू? तू जेवशील?"

मालकाच्या शेळ्या चारणारा माणूस मालकाचं करडू न विचारता कापतोय, ती चोरीच झाली, आणि तिथली चोरी म्हणजे काय असतं ते आम्ही ऐकून होतो. जो म्हशीला घाबरतो, उंटाला घाबरून छपरावर बसतो, त्या माणसाच्या डोक्यात हे आलंच कसं? पण त्याच्या डोक्यात दुसरं काही येणं शक्यच नव्हतं. इर्जिक घातली, माणसं आली, आता ती मटणाशिवाय परत गेली तर वाडीला तोंड कसं दाखवायचं, एवढंच त्याला कळत होतं. वाडी कुठं, तो कुठं! पठाणानं विचारलं, "अरबाब ने बोला है ना?" भिकाजीनं मान हलवली, जोरात, दोनदा. पठाणानं अल्लाचं नाव घेऊन सुरी चालवली. सुभाषनं कातडं सोलून कुंपणाच्या तारेवर टाकलं आणि चुलीला लागला.

आम्ही रानात उतरलो. खजुराच्या वाळलेल्या झावळ्यांच्या काठ्या भिकाजीनं रात्री टोकदार करून ठेवल्या होत्या. रांगेत उभं राहायचं, काठी खुपसायची, भोकात दोन दाणे टाकायचे, टाचेनं माती लोटायची, पाऊल पुढं. आमच्याकडं टोकण म्हणतात. ओल हाताला गार लागत होती आणि पाठीला ऊन चटके देत होतं. जरा वेळानं मी विसरलो कुठं आहे ते. सगळेच विसरले. आणि तिथंच चूक झाली. भिकाजीनं भलरी काढली. भलरी म्हणजे कामावरचं गाणं, एकानं म्हणायचं आणि बाकीच्यांनी मागून ओढायचं, त्या तालावर हात चालतात. असा खणखणीत आवाज त्याचा! मी त्याला गप बस म्हणायला हवं होतं की नाही, यावर आम्ही पुढं वीस वर्षं वाद घातला. माझं आजही म्हणणं आहे, इर्जिक मुक्यानं होत नाही. पण त्या उघड्या रानात आवाज थेट डांबरी रस्त्यापर्यंत गेला.

आधी धूळ दिसली. मग पांढरी गाडी, वर दिवा. दोघं खजुरांमध्ये पळाले आणि थोड्या वेळानं आपणहून परत आले. पळणार कुठं? पलीकडं नुसता दगडाचा डोंगर. पहिला विचार माझ्या मनात काय आला सांगू? भिकाजी कुठाय? हा आता पळणार, डोंगरात घुसणार आणि तहानेनं मरणार. मी वळून पाहिलं तर तो ओळीत होता. वाकलेला. काठी खुपसत होता, दाणे टाकत होता. हात इतके थरथरत होते की दाणे भोकाबाहेर पडत होते आणि तो ते बोटानं आत ढकलत होता.

दोन पोलीस. एक तरुण, एक पिकल्या मिशांचा. मिशीवाल्याला आपली हिंदी येत होती. आम्हाला खजुराखाली ओळीनं बसवलं आणि बताके मागितले. "कंपनी इमारत की, और तुम इधर खेत में? कितना पैसा देता है?"

"पैसा नहीं," मी म्हटलं. "खाना देता है।"

"झूठ. बिना पैसे कोई काम करता है? मैं नहीं करता. तू करता है?"

"करता हूँ," मी ताठ मानेनं म्हणालो.

भिकाजीची हाक उचलून सुभाष माझ्या कानाशी पुटपुटला, "आंदाराव, तुमचा ताठा खिशात घाला आणि बताका बाहेर काढा."

आणि मला तेव्हा कळलं की आम्ही खरं बोलतोय हेच आमच्या अंगाशी येणार. मजुरी घेतली असती तर त्याला समजलं असतं. फुकट राबणारी माणसं त्याला चोराहून वाईट वाटत होती, काहीतरी मोठं लपवणारी. त्यानं तरुण पोलिसाला गाडी देऊन अरबाबला आणायला पाठवलं. तोवर कुणी हलायचं नाही. भिकाजीला हाक मारली, "यल्ला, तू भी इधर!"

भिकाजी आला. घाम नाकावरून टपकत होता. म्हणाला, "साब, ओल जाएगा." मिशीवाल्याला कळेना. भिकाजीनं वाकून मूठभर माती उचलली आणि सरळ त्याच्या हातात ठेवली. पोलिसाच्या हातात! "देखो साब, ठंडा. शाम को खलास. फिर मका नहीं आएगा. मेरा बताका इसी मजरे का है, मैं काम करता हूँ, मैं किधर भी नहीं जाएगा." पोलिसानं माती दाबून बघितली, खाली टाकली, हात झटकला. "तेरा कार्ड इधर का है, तू कर. ये लोग नहीं."

मग जे काही आम्ही बघितलं ते मला अजून दिसतं. एवढं मोठं रान, अर्धं लागलेलं, अर्धं नाही, आणि त्यात एकटा भिकाजी. आमच्या काठ्या अर्धवट ओळींत तशाच उभ्या खोवलेल्या. ऊन चढत होतं. ओली काळपट माती आमच्या डोळ्यांदेखत कडेकडेनं पांढरी पडत चालली होती, आणि आम्ही हात मांडीवर ठेवून बसलेलो. पलीकडं चुलीवर मटण रटरटत होतं आणि तारेवर कातडं वाळत होतं. अरबाब आला की पहिलं तेच बघणार. भिकाजीनं पुन्हा भलरी धरली, पण मागून ओढायला कुणी नाही. एकट्याचा आवाज कोरडा पडून मध्येच तुटला. तेव्हा सुभाषनं, ज्याला भलरी आदल्या दिवसापर्यंत माहीत नव्हती, त्यानं मागचा सूर ओढला. मिशीवाला ओरडला, "चुप!"

मी विचारलं, "साब, गाना मना है?"

त्यानं टोपी काढून घाम पुसला. मग म्हणाला, "गाना मना नहीं. हाथ मना है."

मग आम्ही गायलो. दुपार भरेस्तोवर बसल्या जागी गायलो, भीतीनं आवाज फाटत होते, एकदोघांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. भिकाजीचे हात मात्र त्या तालावर चालायला लागले. थरथर कमी झाली. तो ओळीच्या शेवटाला जाऊन वळला की आमच्याकडं बघायचा, आम्ही अजून आहोत ना म्हणून.

नमाज उरकून अरबाब आला. म्हातारा, काटकुळा, पांढरा स्वच्छ झगा, हातात काठी. गाडीतून उतरला, नाक वर केलं. मटणाचा वास. मग नजर फिरली आणि तारेवरच्या कातड्यावर थांबली. भिकाजी रानातून बाहेर आला आणि त्याच्यासमोर उभा राहिला. मिशीवाला अरबीत बोलत होता, पठाण मला हळूच सांगत होता, "बोलता है, ये तेरे आदमी हैं? दूसरे का आदमी काम पे रखा तो तू भी अंदर, जुर्माना अलग." अरबाबनं आमच्याकडं बघितलं, रानाकडं, भांड्याकडं, परत कातड्याकडं. मला त्याची काठी दिसत होती. काठीचं टोक वाळूत हलत होतं. मला आधी कळलंच नाही, म्हाताऱ्याचा हात थरथरत होता. तोही भ्याला होता! मग तो बोलला आणि पठाणानं माझा दंड दाबला. "बोलता है, ये मेरे मेहमान हैं. मैंने बुलाया. बकरा मैंने कटवाया."

"और ये लकड़ी, ये बीज?" पोलिसानं विचारलं असावं, कारण अरबाबनं हात उडवला. पठाण म्हणाला, "बोलता है, हिंदी लोग हैं, इनका यही खेल है."

एकदा मेहमान म्हटलं की तिकडं माणूस मागं फिरू शकत नाही. पोलिसांनाही जेवायला बसवणं आलं. चटई अंथरली, मोठ्या परातीत भात आणि वर मटण. मिशीवाल्यानं पठाणाला एवढंच विचारलं, कुणी कापलं, आणि मग हात घातला. इकडं नवाच घोळ. इर्जिकीत मालक शेवटी जेवतो, म्हणून भिकाजी बसेना. अरबाबला वाटलं, यजमान मी, नोकर उभा कसा? त्यानं दरडावून त्याला शेजारी बसवला, करडाच्या मानेचा तुकडा उचलून स्वतःच्या हातानं त्याच्यापुढं ठेवला आणि डोळ्यांत डोळे घालून म्हणाला, "खा." भिकाजीनं घास घेतला. तो चावतच होता, चावतच होता... सुभाषनं हळूच विचारलं, "तिखट झालं का हो?" तेव्हा मिशीवाला पोलीस पहिल्यांदा हसला. जाताना मात्र त्यानं आमच्या बताक्यांचे नंबर लिहून घेतले आणि म्हणाला, "दुबारा दिखे, तो इन्शाल्ला सबको घर भेजूँगा."

आम्ही निघालो तेव्हा भिकाजी परत रानात होता. वरचा एक कोपरा त्या दिवशी राहिलाच, आणि तिथं मका उगवली नाही. बाकी रान मात्र गुडघ्याएवढं झालं तेव्हा पठाणाबरोबर निरोप आला, शेळ्या खातायत. अरबाबनं करडाचं नाव पुन्हा काढलं नाही. फक्त मजऱ्यावर आला की आधी शेळ्या मोजायचा. भिकाजी तिथं कितीतरी वर्षं राहिला, माझी कंपनी बंद होऊन मी परत आलो त्यानंतरही. आम्ही तिकडं परत कधी गेलो नाही. कॅम्पाच्या दारावर थाप पडली की मी उठून बसायचो. कंपनीच्या हापिसात कुणी माझं नाव पुकारलं की वाटायचं, आला तो नंबर. कितीतरी महिने वाटायचं. आता इतक्या वर्षांनी इथं घरातसुद्धा कधी दारावर अवेळी थाप पडली तर छातीत तसंच होतं.

दोन हजारनंतर चारपाच वर्षांनी भिकाजी कायमचा आला. वाडीनं त्याचं नाव बदललं नाही. परत्या म्हणजे परत्याच. त्याला काही वाटायचं नाही. शेवटच्या वर्षी छातीचं दुखणं निघालं. डॉक्टरनं मोठं ऑपरेशन सांगितलं, मुलं म्हणाली नको, हा म्हणाला करा. ऑपरेशन झालं, चार महिने बरे गेले, आणि मग एका पहाटे गेला.

दहावं झाल्यावर मी नदी ओलांडून त्याच्या घरी गेलो. पारूवहिनींनी चहा ठेवला. पडवीत एक लोखंडी खुर्ची आहे, तारांनी विणलेली, बाकीच्या खुर्च्यांसारखी दाराकडं नाही, रस्त्याकडं तोंड करून, पाठ पक्क्या भिंतीला. "हलवू का?" मी विचारलं. "नगं," त्या म्हणाल्या. "त्यांची हाय. आल्यापास्नं तिथंच बसायचं. मी म्हनायची, ऊन येतंया, आत या. म्हनायचं, कोन येतंय त्ये आधी दिसतंया हितनं." मी बसलो. खरंच, तिथून खालचं वळण दिसतं. रस्त्यावर कुणीही आलं की घरापर्यंत पोचायच्या कितीतरी आधी दिसतं. आत पळायला, मागच्या दारानं निघायला चिक्कार वेळ. एवढी वर्षं हा इथं बसून येणारा प्रत्येक जण लांबून बघत होता. पोस्टमन, पाव्हणे, सावकाश चालत येणारा डॉक्टर. आणि पारूवहिनी सांगत होत्या, कुणालाही बघून तो कधी उठून आत गेला नाही.

चहा निवत होता. वळणावर धूळ उठली, कसलीतरी गाडी असावी. कोण ते अजून दिसत नव्हतं. माझी छाती धडधडायला लागली. या वयात येणारं कोण असतं ते मला माहीत आहे. मी खुर्चीचे हात धरले. वहिनी म्हणाल्या, "भावजी, आत बसा, धूळ येतीया."

मी म्हटलं, "येऊ दे."